फेंग गुरुजींचं बोटांचं यंत्र

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. शनिवारच्या विज्ञानवर्गात मुलांना मदत करायला नावं दिलेले आम्ही बावीस स्वयंसेवक, आणि आमच्याहून जास्त बघे. व्यासपीठावर पांढरा कोट चढवलेले फेंग गुरुजी, समोर काचेचं यंत्र. दहा बोटं टेकवली की खालून निळा प्रकाश सरकायचा आणि पलीकडून छापील कागद यायचा. कुणी कोणतं काम करावं, ते त्यात लिहिलेलं.

"अंगठ्याच्या ठशात मोराचा डोळा!" गुरुजी ओरडले. "पी-श्याबाई, मुलांसमोर उभं राहून प्रयोग दाखवायलाच जन्माला आलात तुम्ही! मेंदूच्या लहरी बोटांतून नुसत्या उसळतायत."

"अगंबाई! मनातलं ओळखलंत की हो!" पी-श्या लाजली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग माझी पाळी. गुरुजींनी कागद वाचला नि मान हलवली. "लिएनबाई, सपाट कमानी. भातखाचरासारखी सपाट बोटं. तुम्ही सामानाच्या खोलीत शोभता. परीक्षानळ्या मोजा, सुख लाभेल."

मी, लिएन सु-चू, अठ्ठावीस वर्षं हुवेईच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची शुद्धता मोजली. पी-श्या चौकात न्याहारीची गाडी लावते, सोयाबीनचं गरम दूध विकते. परीक्षानळी तिने पहिल्यांदा हातात धरली ती मी दिली म्हणून. आणि आता ती पुढे, मी मागच्या खोलीत!

दोन शनिवार मी त्या खोलीच्या दारातून बघत होते. ती फुगा फुगवायची, मुलं हसायची. तिने व्हिनेगर सांडलं तरी मुलं हसायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"ताई, चार चंचुपात्रं द्या हं पटकन!" ती बाहेरून हाक मारायची.

मी द्यायचे. एकदा मुद्दाम तडा गेलेलं दिलं. तिने ते बाजूला ठेवलं नि म्हणाली, "बरं झालं दिसलं. कुणाचा हात कापला असता, ताई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण जळणं काही थांबलं नाही.

आमचे भरतीचे अर्ज आणि गुरुजींच्या छापील अहवालांच्या प्रती त्याच खोलीत ठेवलेल्या होत्या. तिसऱ्या शनिवारी मी त्या काढून बसले. सत्य शोधायला नव्हे; पी-श्याचं काहीतरी खोटं सापडावं म्हणून. तिने अर्जात लिहिलं होतं : 'मुलांसमोर बोलायला फार आवडेल.' अहवालात तेच, फक्त मोराचा डोळा जोडलेला. मी संकोचाने लिहिलं होतं : 'कोणतंही काम चालेल.' अहवाल : सामानाची खोली. बावीसच्या बावीस कागद मी लावून पाहिले. बोटांनी काही नवीन सांगितलंच नव्हतं. अर्ज बोलत होते.

तेवढ्यात दार ढकलून पाचवीतली यी-छन आत आली आणि आपलं भिंग माझ्यापुढे ठेवलं.

"अगं, घरी न्यायला दिलं होतं ना तुला?"

"आईने माझी बोटं तपासून घेतली. यंत्र म्हणालं, यांत विज्ञान नाही." तिने दोन्ही हात पुढे केले. "आजी, बोटं बदलता येतात?"

तिच्या आईने तपासणीसाठी भरलेला अर्जही त्याच गठ्ठ्यात निघाला. त्यात लिहिलं होतं : 'मुलीने पियानोकडे लक्ष द्यावं ही इच्छा.'

पुढच्या महिन्यात फेंग गुरुजी सगळ्या मुलांची बोटं तपासणार होते आणि 'विज्ञानाची बोटं' असलेल्यांनाच वर्गात घ्यायचं, असं वर्ग चालवणारे त्साओ सर ठरवून बसले होते.

त्या तपासणीच्या दिवशी मी शेतावरच्या बायकांसारखी फुलाफुलांची टोपी घातली, तोंडावर मास्क चढवला आणि नवी स्वयंसेविका म्हणून रांगेत उभी राहिले. अर्ज श्यू य्वे-च्याओ या खोट्या नावाने. इच्छा : 'मुलांना प्रयोग दाखवायचेत.' दहाही बोटं यंत्रावर ठेवली. निळा प्रकाश सरकला.

"वा! मोराचा डोळा!" गुरुजींनी टेबलावर थाप मारली. "दोन्ही अंगठ्यांत! तुम्हाला सामानाच्या खोलीत ठेवणं म्हणजे पाप!"

मी मास्क काढला. मग उजव्या अंगठ्यावरून पातळ, पारदर्शक साल सोलली. मग तर्जनीवरून. दहा सालं गुरुजींच्या कागदावर ठेवली.

"गोंद आहे. दोन थर, वाळवलेले. तुमच्या काचेवर माझी एकही रेघ टेकली नाही. मोर कुठून आला?"

मी माझ्या खऱ्या आणि खोट्या नावाचे दोन्ही अहवाल आणि दोन्ही अर्ज त्साओ सरांच्या हातात दिले. "जुळवून बघा, सर. बाकीचेही आणलेत. प्रत्येक अर्ज आधी यांच्या हाती जातो, मग बोटं बोलतात."

सर एकेक कागद वाचत गेले. त्यांचे कान लाल झाले.

"हेवा!" गुरुजी किंचाळले. "त्या पी-श्याबाईंचा हेवा वाटतो हिला! म्हणून हे सगळं!"

"वाटतो," मी म्हणाले. "पण माझ्या हेव्याने कागदावरची अक्षरं बदलत नाहीत."

गुरुजींनी यंत्र काखोटीला मारलं आणि पालक तपासणीचे पैसे परत मागायला उठायच्या आत मागच्या दाराकडे निघाले. पण काही पालक त्या दारात आधीच उभे होते.

बोटांवरून मुलं निवडणं रद्द झालं. पुढे प्रत्येक स्वयंसेवकाने प्रत्येक काम एकेक शनिवार करून पाहायचं ठरलं. माझ्या प्रयोगाला मुलं जांभया देऊ लागली. मी घनता समजावत राहिले आणि पहिल्या रांगेतला एकजण चक्क झोपला. पी-श्याने मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवलं तर शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीला लटकली. पुढची जागा तिलाच मिळाली. मी पुन्हा जळले, अजूनही जळते. माझं काम निघालं शेवटच्या बाकावर, ज्यांचा प्रयोग फसलाय त्यांच्याशेजारी बसून कुठे चुकलं ते शोधण्याचं. तिथे मला वेळेचं भान राहत नाही.

कुणाला काय जमेल हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. करण्याआधीच सांगणारा कितीही पांढरा कोट घालून आला, तरी त्याला एवढंच विचारा : तुला हे कसं कळलं? आणि उत्तर तपासून बघा. हे विचारायला शहाणं किंवा निर्मळ मनाचं असावं लागत नाही. माझं मन कुठे निर्मळ होतं?