टेबलापुरता उजेड

मित्रांनो, मी एक जुना टेबललॅम्प आहे. लोखंडी बूड, वाकणारी मान आणि डोक्यावर हिरवी टोपी, एवढाच माझा देह. टोपीचा रंग दोन ठिकाणी उडाला आहे. तरी मला तिचाच सगळ्यात जास्त अभिमान वाटतो. का, ते पुढे कळेलच.

आमच्या सोलापुरात चादरी विणणारे पुष्कळ. पण चादरीवर फूल कुठे उमलावे, मोर कुठे बसावा हे कुणीतरी आधी आखून द्यावे लागते. माझे पहिले मालक शिवप्पा ते काम करत. चौकटीच्या कागदावर ते एकेक घर रंगवत आणि मी खाली मान घालून बघत असे. चादर विणून आली की तिची घडी माझ्यापुढे उलगडून म्हणत, "बघ रे, तुझंबी काम हाय ह्यात." एवढे कौतुक मला पुरत असे.

मग संगणक आला. त्याचा पडदा स्वतःच उजळतो, त्याला माझी काय गरज? शिवप्पांच्या मागे त्यांचा मुलगा सिद्धराम हे नक्षीचे ऑफिस चालवू लागला आणि मी कपाटावर गेलो. माझ्या मानेवर वायरींची वेटोळी टांगली गेली. टोपीत कोळ्याने घर केले.

मला खाली काढले ते इफ्राने. ती इथे नव्याने नोकरीला लागली होती आणि तिचे टेबल खिडकीपासून लांब होते. तिने मला ओल्या फडक्याने पुसले, सांध्यात तेल सोडले आणि दिवसाच्या उजेडासारखा पांढरा बल्ब बसवला. गिऱ्हाइकाने दिलेल्या कापडाशी जुळणारा धागा ती माझ्या उजेडात शोधायची. मग हाक मारायची, "अण्णा, बघा की जरा." सिद्धरामअण्णा चष्मा कपाळावर चढवून यायचे. दोघांचे पटले की रंग ठरला.

पुढे इफ्राला मुलगी झाली, माहेनूर. बाळ अंगावर पीत होते, म्हणून अण्णांनी तिला घरूनच काम करायला सांगितले. संगणक गेला, धाग्यांची पेटी गेली. मी राहिलो. कोणते सामान न्यायचे ते ठरवताना दिवा कुणाला आठवतो?

एकदा बार्शीच्या एका दुकानदाराने रंगासाठी कापड देऊन मोरपंखी चादरी मागितल्या. इफ्राने घरी धागा जुळवला आणि त्याचा नमुना विणला गेला. दुकानदाराने तो परत पाठवला. हा मोरपंखी नव्हे, शेवाळी आहे, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इफ्रा बाळाला कडेवर घेऊन ऑफिसात आली.

"उद्यापासून हितंच बसायचं," अण्णा म्हणाले. "घरी लक्ष लागत न्हाय माणसाचं."

"रोज नाही जमणार, अण्णा. पोरगी लहान आहे."

"मग कसं करायचं?"

 इफ्राने घरून आणलेली धाग्यांची पेटी माझ्याशेजारी ठेवली. "मग हे ठेवून घ्या. दुसरं कुणीतरी बघा."

जायच्या आधी तिने सवयीने मला लावले आणि दुकानदाराचे कापड व तिने निवडलेला धागा माझ्या उजेडात धरला. दोन्ही साफ निराळे दिसत होते.

"शप्पथ अण्णा, घरी हे दोन्ही एकच दिसत होते!"

"डोळे तपासून घे."

पण इफ्राचे डोके चालू झाले होते. ती ते दोन्ही घेऊन जिन्यात गेली. तिथे एक पिवळा बल्ब असतो. "अण्णा, हिकडं या की!" पाठोपाठ अण्णांचा आवाज मला ऐकू आला, "आयला! एकच की!"

मित्रांनो, हे असे होते खरे. वेगवेगळ्या रंगद्रव्यांत बुडवलेले दोन धागे एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात परके. रंग धाग्यात असतो, तसाच थोडा उजेडातही असतो.

"घरी असाच बल्ब हाय व्हय?"

"सासूबाईंनी लावलाय. खोलीला खिडकी नाही, आणि पांढऱ्या उजेडात माहेनूर झोपत नाही. ती झोपली तरच माझं काम होतं."

अण्णा हसले, पण हट्ट सुटला नव्हता. "मग आता काय, दिवाच घेऊन जाता का मॅडम?"

तो टोमणा होता. इफ्राने सरळ माझा प्लग काढला.

"अगं, खरंच निघाली की ही!" अण्णा म्हणाले. पण त्यांनी अडवले नाही. पेटीही त्यांनीच उचलून रिक्षात ठेवली.

माहेनूर रिक्षातच झोपली. घरी तिला झोळीत ठेवताना सासूबाईंच्या, म्हणजे मदिनाबींच्या, कपाळावर आठ्या पडल्या. "हे लोखंडी भूत कशाला आणलंस गे? बच्ची आत्ताच झोपलीय. उठली तर तूच झुलव."

इफ्राने माझी मान वाकवली आणि टोपी खाली दाबली. पांढरा उजेड टेबलावर गोल पडला आणि तिथेच थांबला. त्यापलीकडे पिवळसर अंधूक खोली आणि माहेनूरची झोप. मदिनाबींनी झोळीवर हात धरून पाहिला. हातावर पांढरा कवडसासुद्धा पडला नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "चालतंय."

माझी टोपी कशासाठी आहे, हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळले.

खरा मोरपंखी धागा सापडला. इफ्रा आनंदाने म्हणाली, "अण्णा, बघा की..." आणि थांबली. तिथे अण्णा कुठले? झोळीच्या दोरीला हात लावून मदिनाबी तेवढ्या बसल्या होत्या.

त्यामुळे आता असे ठरले आहे. नक्षी घरी आखायची, धागा घरी निवडायचा, पण रंगावर शेवटचा शिक्का ऑफिसात दोघांनी मिळून मारायचा. त्या दिवशी मीही माहेनूरच्या दुपट्यात गुंडाळून पिशवीतून जातो. बार्शीच्या चादरी अशाच ठरल्या आणि गेल्याही. अण्णा मला बघून म्हणतात, "आले का साहेब!" पण आधी दुपट्याचा वास घेतात आणि विचारतात, "पोरगी बरी हाय न्हवं?"

मित्रांनो, माझ्या टोपीवरची धूळ अधूनमधून पुसत जा, एवढी माझी विनंती. आणि तुमच्या घरात कोपऱ्यात बसून कुणी काम करत असेल आणि त्याचे चुकले, तर रागावण्याआधी तो माणूस कोणत्या उजेडात बसला आहे ते बघा. जमल्यास त्याच्यापुरता उजेड करून द्या. मान मात्र अशी वाकवा, की शेजारी झोपलेल्याची झोप मोडणार नाही.