तिघं एकदम

फरशीवाल्याचा देवावर विश्वास होता, पण फरशी तो ठोकून बघितल्याशिवाय सोडत नसे. पोकळ वाजली की उचलायची, खाली सिमेंटचा माल भरायचा, पुन्हा बसवायची. बाकीचं आयुष्यही तो असंच ठोकून घ्यायचा. चप्पल घ्यायची झाली तरी दुकानात इतक्या फेऱ्या मारायचा की दुकानदार कंटाळून खुर्चीत बसायचा.

त्यामुळे मूल दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने आपली मागणी नीट मांडली : एक मूल, शक्यतो लहान, शक्यतो शांत.

"अहो, मूल आणायचंय, पंखा नाही," बायको म्हणाली. तिचं इस्त्रीचं दुकान होतं, आणि बोलणंही बऱ्यापैकी गरम असायचं.

बरीच वाट पाहिल्यावर बालगृहातल्या बाईंचा फोन आला. मुलं तीन होती, सख्खी भावंडं. मोठी मुलगी अकरा वर्षांची, खाली दोन भाऊ. शांत कुणीच नव्हतं. तिघांना एकत्र घेणारं कुणी मिळालं नाही तर तिघं तीन घरी जाणार होती.

फरशीवाला तेव्हा एका बाथरूममध्ये काम करत होता. दिवसभर गुडघ्यांवरच असल्यामुळे प्रार्थनेला त्याला वेगळं बसावं लागत नसे.

"देवा," तो म्हणाला, "घर दोन खोल्यांचं आहे. मला तिघांचं काही कळत नाही. एकाचंही कळत नाही. काय ते स्पष्ट सांग."

थापी खाली ठेवून तो थांबला. जरा वेळाने दारातून आवाज आला, "पाणी तुंबणार नाही ना हो?" तो घरमालक होता. फरशीवाल्याने त्याला उतार दाखवला, आणि देवाचं बोलणं तेवढ्यावरच राहिलं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, "मी देवाला विचारलं. काही बोलला नाही."

"मलाही नाही बोलला. पण नाहीही म्हणाला नाही. म्हणून मी बाईंना कळवून टाकलं, उद्या भेटायला येतो."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारलं असतं तर मुलांची लग्नं झाली असती तोवर."

फरशीवाल्याचा मोठा भाऊ खास समजवायला आला. "कुणाची कोण पोरं, काय वळणाची, काही ठाऊक नाही. उगाच विकतचं दुखणं घेतोयस."

"दादा, मलाही तेच वाटतंय," फरशीवाला म्हणाला. भाऊ भांडायच्या तयारीने आला होता, त्याचा फार हिरमोड झाला.

दुसऱ्या दिवशी बालगृहाच्या फाटकाशी फरशीवाल्याचे पाय अडले. "मला भीती वाटतेय गं."

"मलाही वाटतेय. ती जायची वाट बघत बसलो तर इथेच उभे राहू. देव आहे ना बरोबर? चला."

आत मोठी मुलगी दोन्ही भावांना दोन बाजूंना घेऊन बाकावर बसली होती. प्रश्न तिनेच विचारले.

"तुम्ही ओरडता का?"

"कामावर ओरडतो. मशीनचा आवाज असतो."

"आणि घरी?"

"घरी ही ओरडते."

मुलीने बायकोकडे निरखून पाहिलं. बायकोने मान डोलावली.

"आधी एका घरी आम्हाला नेलं होतं," मुलगी म्हणाली. "त्यांनी परत आणून सोडलं. तुम्हाला मुलं सांभाळता येतात का?"

फरशीवाल्याने खरं ते सांगितलं. "नाही."

"मला येतात," ती म्हणाली. "मी शिकवीन."

तिघं आली. पहिले काही महिने घरात कुणी कुणाचं नव्हतं. धाकटा उशीखाली पोळ्या साठवायचा. मुलगी नवरा-बायको दोघांनाही "अहो" एवढंच म्हणायची, त्यामुळे "अहो" अशी हाक आली की कुणी कुणाला मारली याचा गोंधळ व्हायचा. मधला काही बोलायचाच नाही. फरशीवाल्याला वाटलं, निदान एक तरी शांत मिळाला.

मग एका दुपारी मधला नाहीसा झाला. बायको फोनवर रडत होती. ती रडते हेच फरशीवाल्याला नवीन होतं. कालवलेला माल तसाच टाकून तो निघाला. शाळा, मैदान, बसथांबा पालथा घातला. रस्ताभर तो नुसतं "सांभाळ रे बाबा, सांभाळ" म्हणत होता. स्पष्ट सांग वगैरे म्हणणं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी मुलगा सापडला बालगृहासमोरच्या कठड्यावर, पाय हलवत बसलेला. फरशीवाला धापा टाकत शेजारी बसला. रागवायचं त्याने येतानाच ठरवून ठेवलं होतं, ते राहूनच गेलं.

"इथे काय करतोयस?"

"रस्ता आठवतो का बघत होतो," मुलगा म्हणाला. "तुम्ही परत पाठवलंत तर ताईला आणि छोटूला घेऊन मलाच इथे यावं लागेल ना."

फरशीवाल्याने समोरच्या फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाठवणार नाही. मला नीट जमत नाहीये, ते वेगळं. पण पाठवणार नाही."

मुलाने त्यावर विचार केला. "भूक लागलीय," तो म्हणाला.

घरी आल्यावर बायको आधी मुलाला जवळ घेऊन त्याच्यावर आणि मग, उशीर केला म्हणून, नवऱ्यावर ओरडली. सगळे जेवायला बसले. वाढता वाढता मुलगी सहज म्हणाली, "उद्या शाळेत बोलावलंय. मी एकाला मारलं."

"का?"

"छोटूला 'अनाथ' म्हणाला. माझ्याहून मोठा होता."

शाळेत कुणी बोलावण्याची फरशीवाल्याची ही पहिलीच वेळ. धुतलेला शर्ट घालून तो मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत उभा राहिला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण हिचे कोण?"

मुलीच्या वतीने नातं ठरवून टाकायचं फरशीवाल्याच्या जिवावर आलं होतं. त्याने मुलीकडे पाहिलं.

"बाबा," मुलगी जरा वैतागून म्हणाली, "सांगा की त्यांना."

त्याने सांगितलं. मग बाई मारामारीबद्दल खूप वेळ बोलल्या. मुलीने माफी मागितली. कमी पडायला नको म्हणून फरशीवाल्यानेही मागितली.