एकशे बेचाळीसचा कॉल

आमच्या संग्रहालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मोफत कार्यक्रम असतो. मोफत म्हटलं की लोक दारातूनच अंदाज घेतात. शेवटी काहीतरी गळ्यात मारतील, अशी शंका. जुन्या विहिरींवरच्या व्याख्यानाला पाच माणसं होती. त्यातली एक व्याख्यात्यांची बायको, एक मी आणि एकजण पंख्याखाली झोपायला आलेला. मी दारातल्या टेबलाशी बसते. येणाऱ्याचं नाव वहीत लिहिते, बाहेरच्या फळ्यावर खडूनं कार्यक्रम मांडते आणि कुणी वस्तूंना हात लावला की खाकरते. खाकरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमच्या मॅडम तरुण आहेत, त्यामुळे हार मानत नाहीत. कोठीघरात त्यांना जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड सापडला. कपाटाएवढं लाकडी धूड. त्यावर ओळीनं भोकं, प्रत्येक भोकावर नंबर आणि पत्र्याची इवलीशी झडप. कुणी आपल्या फोनची मूठ फिरवली की त्याची झडप टपकन पडायची. मग ऑपरेटर त्या भोकात वायर खुपसून ‘नंबर प्लीज’ म्हणायची, आणि दुसरी वायर हव्या त्या नंबरात. झालं, जोडलं.

या बोर्डावर माझ्या सासूबाईंनी बावीस वर्षं काढली. मी त्यांना आई म्हणते. मॅडम मोठ्या उत्साहानं आमच्या घरी आल्या.

“आजी, तुम्ही पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाला बोर्डावर बसायचं आणि लोकांना गमतीजमती सांगायच्या. कोण कुणाशी काय बोलायचं, कुणाची भांडणं, कुणाची प्रेमप्रकरणं. तुम्ही तर सगळं ऐकलं असणार!”

आईंनी कप खाली ठेवला.

“मी ऐकत नव्हते.”

“म्हणजे, कधीतरी…”

“जोडून द्यायचं आणि कळ वर करायची. कळ वर केली की आपल्याला ऐकू येत नाही. तसा नियम होता. ऐकू आलंच तर ते बाहेर बोलायचं नाही, आणि बोलणाऱ्याला त्याबद्दल विचारायचंही नाही. सही केली होती आम्ही.”

“पण आता इतकी वर्षं…”

“सही माझीच आहे ना?” असं म्हणून आई आत गेल्या. मॅडमनी बिस्किट न खाताच परत ठेवलं.

“आईच्या नादी लागू नका,” यजमान त्यांना दारापर्यंत सोडताना म्हणाले. “मीसुद्धा लागत नाही.”

तीन दिवसांनी आम्ही दोघी मटार सोलत होतो. आई शेंगेकडे बघत म्हणाल्या, “ते खोल्याखोल्यांत फोन बसवणार आहेत म्हणे. त्यात एकशे बेचाळीस असेल का?”

“तुम्ही नाही म्हणालात ना?”

“विचारलं तेवढं सांग.”

“लाईनमनकाका बसवतायत. सांगितलं तर बसवतील. का हो?”

पाच-सहा शेंगा झाल्या. मग आईंनी सांगितलं. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सदतीस वर्षांपूर्वी हाताचं एक्स्चेंज बंद होऊन आपोआप चालणारं सुरू झालं. वेळ ठरली होती, दुपारी बारा. बाराला दोन मिनिटं कमी असताना बोर्डावर एकशे बेचाळीसची झडप पडली. एकशे बेचाळीस म्हणजे लाकडाची वखार. आईंनी वायर लावली. पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं. “सदुसष्ट द्या, बाई, सदुसष्ट! लवकर!” सदुसष्ट म्हणजे दवाखाना. आई म्हणाल्या, “थांबा, जोडून देते.” दुसरी वायर उचलली, आणि इंजिनियरनं मागून मेन तार ओढली. त्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. बोर्ड मेला. टाळ्या वाजल्या, सगळ्यांना पेढे वाटले. आई वायर हातात धरून उभ्या.

“त्याच आठवड्यात वखारवाल्यांच्या आत्याबाई गेल्या,” आई म्हणाल्या. “मी थांबा म्हटलं होतं गं. थांबा म्हटल्यावर माणूस थांबतो.”

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आई वखारीच्या बाजूच्या फुटपाथवरून कधी चालत नाहीत. आणि तो दवाखाना कोपऱ्यावर असताना आम्ही चार चौक ओलांडून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. मला इतके दिवस वाटायचं, त्यांचं औषध गोड असतं म्हणून.

“अहो आई, मी उद्या वखारीत जाऊन विचारून येते. त्यात काय एवढं!”

“खबरदार!” त्यांनी मटाराची टोपली माझ्यापासून लांब ओढली, जणू मी तिच्यातून विचारणार होते. “ऐकलेल्याबद्दल विचारायचं नाही. पण बोर्डावर बसलेली ऑपरेटर नंबर विचारू शकते. राहिलेला कॉल पुरा करू शकते. त्यात नियम मोडत नाही.”

म्हणजे सदतीस वर्षं बाईंनी नियमातली फट शोधली होती, आणि ती आता आमच्या मोफत कार्यक्रमात सापडली होती.

गमतीजमती सांगणार नाही, नुसतं जोडून देईन, या अटीवर आई बसायला तयार झाल्या. लाईनमनकाका आईंच्याच खात्यातले, आता निवृत्त. त्यांनी पंधरा दिवस बोर्डाच्या पोटात डोकं घालून बारा लाईनी जिवंत केल्या. येणाऱ्यांप्रमाणे नंबरांच्या चिठ्ठ्या बदलायच्या असं ठरलं, पण दोन चिठ्ठ्या पक्क्या: एकशे बेचाळीस नाण्यांच्या खोलीत, सदुसष्ट नांगरांच्या खोलीत. मी फळ्यावर लिहिलं, “तुमचा जुना फोन नंबर आठवतो? घेऊन या. जोडून मिळेल. प्रवेश मोफत.”

आणि काय सांगू! सकाळी दहाला दाराबाहेर रांग. बायकोचा वाढदिवस विसरणारी माणसं, पण फोन नंबर तोंडपाठ. “अठ्ठ्याऐंशी!” शिंपीकाका नाव सांगायच्या आधीच ओरडले. दोघी बहिणी चौतीस कुणाचा यावरून माझ्या टेबलाशीच भांडल्या. एक आजोबा म्हणाले, “एकशे दहा लिहा. तो शेजाऱ्यांचा होता, पण बोलायचो आम्हीच.” माझ्या वहीची पानं संपली, मी मागच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागले.

आईंनी निळी साडी नेसली होती, ड्यूटीवर नेसायच्या तसल्या रंगाची. पहिली झडप पडली आणि वायर हातात आली. “नंबर प्लीज.” घरात “अगं, दूध उतू गेलं” म्हणणारा आवाज तो नव्हेच. इस्त्री केल्यासारखा आवाज. खोल्याखोल्यांतून घंटा वाजू लागल्या. नाण्यांशेजारी, तलवारींशेजारी माणसं रिसीव्हर कानाला लावून हसत होती. भिंतीपलीकडच्या माणसाला विचारत होती, “जेवलात का?”

अकराला दवाखान्याचे डॉक्टर आले. आता शहाऐंशीचे, हातात काठी, कानाला यंत्र. “सदुसष्ट!” त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं. मी त्यांना नांगरांच्या खोलीत खुर्ची दिली. ते फोन करत नव्हते, नुसते बसून होते. “मी कधीच करत नसे,” ते म्हणाले. “मला यायचे.”

आईंनी ते ऐकलं. मग त्यांची नजर एकशे बेचाळीसच्या झडपेवर गेली. झडप उभीच. साडेअकरा. पावणेबारा. एकशे बेचाळीसचा फोन एका बाईंनी पर्स ठेवायला वापरला. मी जाऊन खाकरले.

वखारवाले मालक दोन वर्षांपूर्वी गेले, मुलं परगावी. कोण येणार? मी दर मिनिटाला दाराकडे बघत होते. बाराला दहा कमी असताना साठीचा एक गृहस्थ आत डोकावला, हातात भाजीची पिशवी.

“बाई, माझा स्वतःचा नंबर कधी नव्हता. मालकांचा होता. मी नुसता कारकून. चालेल का?”

“कितवा होता?”

“एकशे बेचाळीस.”

माझं पेन पुठ्ठ्यावरच थांबलं. मी काही सही केली नव्हती. तिथल्या तिथे विचारू शकले असते: त्या दिवशी काय झालं होतं हो? जिभेच्या टोकावर आलं होतं. पण हा माझा कॉल नव्हता. मी त्यांची भाजी टेबलाखाली ठेवली आणि त्यांना नाण्यांच्या खोलीत नेलं.

“कुणाला फोन करू?” ते म्हणाले. “मला एकच नंबर पाठ आहे.”

“तोच करा,” मी म्हटलं आणि बोर्डाकडे पळाले.

टप्. झडप पडली. आईंनी डोळे मिटले, उघडले, वायर लावली.

“नंबर प्लीज.”

हेडफोनमधलं मला ऐकू आलं नाही. आईंचा चेहरा दिसला तेवढा.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “जोडून देते.”

दुसरी वायर सदुसष्टमध्ये गेली. नांगरांच्या खोलीत घंटा वाजली. आणि आईंनी काय करावं? कळ वर केली, हेडफोन सारखा केला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

“आई! ऐका ना!”

“ड्यूटीवर आहे मी.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. लाईनमनकाका म्हणाले, “बाई, निदान आजच्या दिवस!” आईंनी मान हलवली. डोळ्यांत पाणी, पण मान ठाम.

पण डॉक्टरांचं कानाचं यंत्र फोनला जुळत नव्हतं.

“कोण? वखारीतून? मोठ्यानं बोल!”

“डॉक्टर, मी कारकून!” नाण्यांच्या खोलीतून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर आलं. आता फोनची गरजच उरली नव्हती. सगळं संग्रहालय ऐकत होतं.

“यात आपला काय दोष?” लाईनमनकाका आईंना म्हणाले. “कानाला काही कळ नसते.”

“डॉक्टर, एक सांगायचं राहून गेलं होतं!” कारकून ओरडले. “एक्स्चेंज बदललं त्या दिवशी!”

आईंनी माझा हात धरला.

“मालक टेबलावरून चाल ओरडायचे, मी फोनवर तुम्हाला सांगायचो. त्या दिवशी बाराच्या आत चाल पोचवायला मी धावत फोनपाशी आलो, आणि लाईन मेली. मालक म्हणाले, पळ, जाऊन सांग. मी पळत आलो आणि वाटेत विसरलो हो! उंट मागे घ्यायचा होता, मी घोडा सांगितला!”

नांगरांच्या खोलीत डॉक्टरांची काठी खाली पडल्याचा आवाज.

“अरे गाढवा! उंट मागे घेतला असता तर मीच हरलो असतो! सदतीस वर्षं मी तो डाव जिंकल्याचं सांगत फिरतोय!”

दोघेही बोर्डाच्या खोलीत आले, वेगवेगळ्या दारांनी. आई उठून उभ्या राहिल्या.

“म्हणजे,” त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न नियमात बसतो की नाही, ते त्या विसरल्या असाव्यात, “त्या दिवशी कुणी मेलं नाही?”

“मेला ना, बाई,” कारकून ओशाळून म्हणाले. “मालकांचा वजीर.”

“आणि आत्याबाई?”

“त्या? त्या तर लेकीकडे होत्या, परगावी. पंच्याण्णव वर्षांच्या. जेवून झोपल्या आणि गेल्या. तुम्हाला कसं माहीत?”

आई खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, पदर तोंडाला लावून. मला आधी वाटलं रडतायत. थोडं ते पण होतं. मी त्यांच्या कानाशी वाकले.

“आई, बावीस वर्षं बुद्धिबळ जोडून देत होतात. एकदा जरी कान लावला असता…”

“तर मला खेळता आलं असतं,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग ताठ बसल्या. इस्त्रीचा आवाज परत आला. “सदुसष्ट, एकशे बेचाळीस, झालं का बोलणं? वायर काढू?”

“खबरदार काढाल तर!” डॉक्टर दाराकडे वळत म्हणाले. “तो उंट मागे घेतोय, मला पुढची चाल द्यायचीय. चल रे, जा तुझ्या खोलीत.”

“अख्खा डाव आठवतोय तुम्हाला?” कारकुनांनी विचारलं.

“मी जिंकलेला होता ना!”

बारा वाजून गेले, साडेबारा झाले. मॅडमनी दार बंद करायचं नावच काढलं नाही. इकडे शिंपीकाकांना डॉक्टरांशीच बोलायचं होतं, गुडघ्याबद्दल. त्यांनी तीनदा मूठ फिरवली, आणि तीनदा आईंनी अगदी चवीनं सांगितलं, “सदुसष्ट बिझी आहे. थोड्या वेळानं करा.”

मॅडम हळूच त्यांच्याजवळ गेल्या. “आजी, काय चाललंय हो त्यांचं?”

“अरे, हा हत्ती कुठून आला?” नांगरांच्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज आला, काचा थरथरतील एवढा.

“मला काय माहीत?” आई म्हणाल्या. “मी ऐकत नाही.”