रुपीची पोटदुखी

मंगळवारी रुपी सूर्यमाळच्या दवाखान्यात आली ती पोट दुखतं म्हणून. नर्स वनमालाबाईंनी तपासायला हात पुढे केला, तशी ती दचकून मागे सरली. गोळ्या घेऊन निघून गेली. बुधवारी पुन्हा आली. आता डोकं दुखत होतं. बाकावर टेकली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. तिचा नंबर आला तेव्हा बाक रिकामा होता.

गुरुवारी सासू कोंडीनेच तिला आणलं.

"रोज दवाखाना! कामावर खाडे पडतात. हिला औषध द्या नि धाडा कामावर."

'कामावर' ऐकताच रुपीचा चेहरा उतरला. वनमालाबाईंनी कोंडीला बाहेर बसवलं, दार लोटलं.

"रुपी, कुणी काही केलं का तुला?"

रुपी खिडकीशी गेली. तिथून कपाटाशी.

"सांगितलं तर कुणाकुणाला कळंल?"

"माझ्याकडून कुणालाच नाही."

मग ती उभ्या उभ्याच बोलली. सोमवारी रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाने हजेरीत नाव चुकलंय म्हणून तिला पत्र्याच्या खोलीत बोलावलं होतं. "मी वरडले बाय. पण बाहेर रोलर चालू होता." नवरा पोश्या भिवंडीला बांधकामावर. "त्याला कळलं तर टाकील मना."

"दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या असतात. पण त्या तीन दिवसांत घ्याव्या लागतात. माझ्याकडे नाहीत. आत्ताच मोठ्या दवाखान्यात जाऊ."

जीपची वाट बघताना कोंडीने विचारलं, "झालंय काय?" रुपीने घरच्या बोलीत दोनच वाक्यं सांगितली. जीप आली तेव्हा सुनेचा हात धरून आधी कोंडीच चढली.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "पोलिसांचा कागद आणा, मग बघतो."

रुपी तडक फाटकाकडे निघाली. वनमालाबाई तिच्यामागे धावल्या. कोंडी मात्र डॉक्टरच्या दारातच उभी राहिली.

"कागद मागाहून आणू. आधी माझ्या सुनेला बघा. तोवर मी हलायची नाय."

बाकावरची माणसं वळून बघू लागली. डॉक्टरने नर्सला हाक मारली. रुपीला तपासलं, गोळ्या दिल्या, रक्त घेतलं. काही आजार लागला नाही ना, हे बघायला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला यायचं होतं.

पोलिसात तक्रार द्यायचं विचारलं की रुपी रोज 'उद्या' म्हणायची. हंडा घेऊन निघायची आणि रिकामा हंडा घेऊन परतायची. आठव्या दिवशी तिने स्वतःच वनमालाबाईंना गाठलं. "चला ठाण्यावर." तक्रार लिहिली गेली. मुकादम त्याआधीच काम सोडून पळाला होता, अजून सापडला नव्हता.

पाऊस लागला तसा पोश्या भातलावणीला घरी आला. रुपीनेच त्याला सांगितलं, कोंडीसमोर. दोन दिवस तो जेवला नाही, बांधावरून नुसता फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाला, "रगत तपासाया कधी जायचा? मी येतो."

"तू आवणी बघ," रुपी कोंडीकडे बघत म्हणाली. "आई येते माझ्यासंगं."