पेंढ्यातला फोन

"अहो, ती पांढरी गाडी कोणाची? आतून धूर येतोय!"

मांडवीला उमामावशीच्या ओटीवर मी कोकम सरबताचा दुसरा पेला हातात घेतला होता, तो तसाच ठेवून पळालो; गाडी माझीच होती. रस्त्यावर पोचलो तोवर मागच्या सीटने पेट घेतला होता. कुणीतरी दगडाने काच फोडली, समोरच्या घरातून बादल्या आल्या. आग विझली तेव्हा मागची सीट उरली नव्हती.

माझ्यामागून सखारामदादा आले. त्यांच्या खांद्यावर माझी चार वर्षांची सानवी, अर्धवट झोपेत.

सखारामदादा चाळीस वर्षं आमच्या बागेत आहेत. कच्चे आंबे पेंढ्याच्या उबेत पिकवायची आढी तेच लावतात. पेंढ्यात नुसता हात घालून सांगतात, "ही परवा काढा." आणि परवाच आंबा तयार होतो. त्यांच्या हाताला गावात मान आहे.

मे महिन्यातली दुपार. दोन घरी पेंढा घातलेल्या आंब्याच्या पेट्या पोचवायला निघालो होतो, पहिली मावशीकडे. पाच मिनिटांत निघू म्हटलं. पण मावशीकडची पाच मिनिटं म्हणजे तासभर, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सानवी मागे दुसऱ्या पेटीला डोकं टेकून झोपली होती.

"झोपू दे तिला. काच थोडी खाली ठेवतो," मी म्हणालो.

"खुळे की काय श्यामभाऊ? बंद गाडी म्हंजे आढीच ती. पोर शिजंल आत," असं म्हणत त्यांनीच तिला उचललं होतं.

आता त्या जळक्या पेटीकडे बघत मी विचारलं, "कशानं झालं हो हे?"

त्यांनी सानवीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "माजा फोन."

मुंबईहून त्यांच्या मुलाचा, समर्थचा, फोन यायचा होता आणि बॅटरी उतरलेली. म्हणून माझ्याच पॉवर बँकेला लावून त्यांनी तो गाडीत ठेवला होता.

"तुमी म्हनलाव ना, फुडं काचेपाशी नको, उनात तापतो. मंग पेटीतल्या पेंढ्यात खुपसला. सावलीला."

सावलीला! पेंढा ऊब धरतो हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच! सानवीचं डोकं त्याच पेटीला टेकलेलं होतं. त्यांच्यावर ओरडू की त्यांचे पाय धरू, कळेना. आणि खरं सांगायचं तर पोरीला गाडीत ठेवून निघालो होतो तो मी, तिचा बाप. मी तिला त्यांच्याकडून घेतलं आणि घट्ट धरून तिथेच उभा राहिलो.

संध्याकाळी रिक्षाने घरी पोचलो, तर शेजारचा विनीत वाटच बघत होता. "दादा, आमची आढी कधी काढू? जरा हात घालून बघा ना."

सखारामदादा त्याच्या पडवीत गेले. उकिडवे बसले, वरचा पेंढा बाजूला सारला. हात आत घालणार तेवढ्यात थांबले. मग तो हात त्यांनी सदऱ्याला पुसला.

"श्यामभाऊ, तुमीच बगा," ते म्हणाले.

मी हात घातला. पेंढा गरम होता. आंबा कधी तयार होईल, ते मला काही सांगता येईना.