गुलाबाच्या वासाचा ॲप्रन

शाळेत पोरंच आळीपाळीने जेवण वाढतात; आठवड्याची पाळी संपली की शुक्रवारी तो पांढरा ॲप्रन घरी आणतात. आपण धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत पाठवायचा, मग तो पुढच्या पोराकडे जातो.

त्या शुक्रवारी मी मशीन लावत होते, तर नवऱ्याच्या शर्टाला गुलाबाचा वास. धाकट्याला खाज सुटते म्हणून आमच्याकडे साबणसुद्धा बिनवासाचा.

"केन्गो, हा वास कुठला?"

"कसला वास? मला नाही येत," टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला.

तेवढ्यात थोरली चिनात्सु आली, दप्तर उघडलं आणि ॲप्रन माझ्या हातात कोंबला. त्यालाही तोच गुलाब.

"याला कसला वास गं?"

"मागच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या किरियाची पाळी होती ना. त्याच्या घरी सगळ्याच कपड्यांना येतो. त्याला बाबा नाहीत, आईच धुते."

केन्गो लगेच वळला. "बघ, ॲप्रनचाच वास शर्टाला लागला असणार. उगाच संशय घेतेस."

"पण बाबा, ॲप्रन तर मी आत्ता दप्तरातून काढला," चिनात्सु म्हणाली.

केन्गोने टीव्हीचा आवाज वाढवला.