खाली कोणी नाही

आमचा फांदीकाप्या झाडावर पट्टा आवळून बसला की ओरडायचा, "खाली कोणी आहे का?" दोर धरलेला त्याचा भाऊ खालून म्हणायचा, "कोणी नाही, काप!" त्याशिवाय करवत सुरूच होत नसे.

भाऊ वारला आणि पंचाईत झाली. खाली खरंच कोणी नव्हतं, पण तसं सांगायला तरी कोणी हवं ना? मग गडी वरून विचारायचा, सरसर खाली उतरून स्वतःच "कोणी नाही" म्हणायचा आणि पुन्हा वर चढायचा. तोवर उत्तर शिळं व्हायचं, म्हणून पुन्हा विचारायचा. खोटं वाटत असेल तर त्या झाडाची साल बघा, दोरानं घासून आरशासारखी झालीय.

शेवटी समोरच्या गॅलरीतल्या एकट्या म्हातारीचं डोकं उठलं. "मेल्या, कोणी नाही रे खाली! काप एकदाची!"

करवत घरघरली, फांदी धाडकन पडली.

"आणि ती डावीकडची?" म्हातारीनं विचारलं.

"ती चांगली आहे, आजी. कशाला कापायची?"

"कापू नकोस. उद्या येऊन नुसतं विचार."